जुना मालक बदनामी करतोय: कोर्टाची पायरी चढण्याआधी ऐकणारा माणूस शोधा

प्रश्न थोडक्यात असा आहे: "भोसरीच्या एका कारखान्यात साडेसहा वर्षं अकाउंट्स सांभाळले. मार्चमध्ये राजीनामा दिला, नोटीस पिरियड पूर्ण केला, रिलिव्हिंग लेटर आणि ग्रॅच्युइटी दोन्ही मिळालं. जूनमध्ये चाकणच्या एका कंपनीने दिलेली ऑफर व्हेरिफिकेशननंतर कारण न सांगता मागे घेतली. त्यानंतर दोन-तीन पुरवठादारांकडून कळलं की जुने शेठ 'पैशांचा घोळ करून पळाला' असं सांगत फिरतात. एका व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं होतं, नंतर डिलीट केलं म्हणे. पोलिसांनी एनसी (अदखलपात्र गुन्ह्याची नोंद) लिहून घेतली आणि कोर्टात जा म्हणाले. आता डिसेंबर आहे. मी काय करू शकतो?"

यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय: आता डिसेंबर आहे. म्हणून उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

अब्रूनुकसानीच्या दिवाणी दाव्याला १९६३ च्या मुदत कायद्यात फक्त एक वर्ष दिलेलं आहे. लेखी बदनामीला अनुच्छेद ७५, तोंडी बदनामीला ७६, दोन्हीकडे वर्षच. उसन्या पैशांच्या दाव्याला तीन वर्षं मिळतात, त्यामुळे इथेही तेवढीच असतील असं समजून लोक निवांत राहतात. मी २२ वर्षं पुण्याच्या कोर्टात वकिली करतो. अशा किती जणांना "दावा मुदतबाह्य झालाय" हे सांगावं लागलं, आठवलं तरी वाईट वाटतं. अपील किंवा अर्जाला उशीर झाला तर कलम ५ खाली उशीर माफ करून घेता येतो. मूळ दाव्याला ती सोय नाही. वकिलाची नोटीस पाठवली, समोरच्याचं उत्तर आलं, आपण प्रत्युत्तर दिलं, म्हणून घड्याळ थांबत नाही. कंपनीच्या एचआरकडे तक्रार केल्यानेही थांबत नाही. ज्या दिवशी ते शब्द तिसऱ्या माणसापर्यंत पोहोचले, त्या दिवसापासून वर्ष मोजायचं. तुमचं जूनचं प्रकरण पुढच्या जूनच्या आत दाखल व्हायला हवं. शेठ पुन्हा सप्टेंबरमध्ये कुणाला तेच बोलले असतील तर त्या बोलण्याचं वर्ष सप्टेंबरपासून वेगळं सुरू होतं. पण ऑफर गेली जूनमध्ये. तुमचं मोठं नुकसान त्या तारखेला चिकटलेलं आहे, तेव्हा सप्टेंबरच्या भरवशावर राहू नका.

पोलिसांनी परत पाठवलं याचा राग धरू नका, त्यांनी बरोबरच केलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली बदनामी हा गुन्हा आहे (१ जुलै २०२४ च्या आधीचं कृत्य असेल तर जुन्या भारतीय दंड संहितेची कलमं ४९९ आणि ५००). पण तो अदखलपात्र आणि जामीनपात्र आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (फौजदारी खटले कसे चालवायचे ते सांगणाऱ्या कायद्याच्या) कलम २२२ प्रमाणे ज्याची बदनामी झाली त्याने स्वतः दंडाधिकाऱ्यांकडे फिर्याद दिल्याशिवाय कोर्ट त्याची दखलच घेऊ शकत नाही. पोलिसांना एफआयआर नोंदवून तपास करण्याची मुभा कायद्यानेच ठेवलेली नाही. तुमच्याकडची एनसीची प्रत मात्र जपून ठेवा. तुम्ही अमुक तारखेलाच तक्रार केली होती, नंतर गोष्ट रचली नाही, एवढं तरी त्यातून दिसतं. कुणी "आयटी ॲक्टचं ६६अ लावा" असा सल्ला दिला तर ऐकू नका. ते कलम सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्येच रद्द केलंय, तरी त्याचं नाव अजून लोकांच्या तोंडी आहे.

आता मुख्य मुद्दा. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "साहेब, किती भरपाई मागता येईल?" मी त्याला उलट विचारतो, "हे कुणी ऐकलं? तो माणूस कोर्टात येईल का?" बदनामी म्हणजे तुमच्याबद्दल तिसऱ्या माणसाला सांगितलेली गोष्ट. शेठनी केबिनमध्ये दार लावून तुम्हालाच "तू चोर आहेस" म्हटलं असतं तर मनाला कितीही लागलं तरी ती कायद्याच्या अर्थाने बदनामी झाली नसती. तिसऱ्या माणसाने ऐकलं पाहिजे, त्याला कळलं पाहिजे की हे तुमच्याबद्दल आहे, आणि ते त्याने कोर्टात येऊन सांगितलं पाहिजे. "मला अमक्याने सांगितलं की शेठ असं म्हणाले" ही ऐकीव गोष्ट झाली. तुमची स्वतःची साक्ष या मुद्द्यावर जवळजवळ निरुपयोगी आहे, कारण तुम्ही तिथे नव्हतात.

काही वर्षांपूर्वीची एक केस सांगतो. माझे अशील पिकअप टेम्पोच्या स्पेअर पार्टचं काम करणाऱ्या एका फर्ममध्ये स्टोअरकीपर होते. त्यांच्या जुन्या मालकाने एका डीलरला फोन करून त्यांच्याबद्दल वाईट सांगितलं होतं. डीलर आमचा साक्षीदार. भला माणूस, दोन वेळा पदरखर्चाने कोर्टात आला. सरतपासात, म्हणजे आपल्याच साक्षीदाराला प्रश्न विचारतात तेव्हा, मी विचारलं, "त्यांनी तुम्हाला नेमकं काय सांगितलं?" तो एकदा अशिलाकडे बघायचा, एकदा न्यायाधीशांकडे. हातातली प्लास्टिकची पिशवी त्याने बोटाला गुंडाळली, सोडली, परत गुंडाळली. मग म्हणाला, "माणूस बरा नाही, असं काहीतरी म्हणाले." मी वेगवेगळ्या तऱ्हेने विचारून पाहिलं. उत्तर तेच: असं काहीतरी. फोनवर शेठ म्हणाले होते, "माल बाहेर विकायचा, चोरटा आहे." डीलरने ते मला माझ्या ऑफिसात शब्दशः सांगितलं होतं. पण फोन झाल्यावर चार वर्षं उलटली होती आणि ते शब्द त्या काळात कुठेच लिहून ठेवलेले नव्हते. "बरा नाही" या मतावर कुणी भरपाई देत नाही. दावा गेला. माझ्या अशिलाने चोरी केली नव्हती हे मला आजही पक्कं माहीत आहे, आणि त्या दिवशी त्याच्या चेहऱ्याकडे बघणं मला जमलं नाही.

तेव्हापासून मी एक गोष्ट आधी करून घेतो. ऐकणाऱ्या माणसाला मेल किंवा मेसेज करायला सांगतो, साध्या भाषेत, त्याच आठवड्यात: "अमुक तारखेला अमुक वाजता अमक्यांचा मला फोन आला. त्यांनी तुमच्याबद्दल असे शब्द वापरले. म्हणून मी तुमची ऑर्डर थांबवली." शब्द जसेच्या तसे, शिवी असेल तर शिवीसकट. सुधारून शुद्ध मराठीत लिहायचं नाही. पुढे साक्षीला उभं राहिल्यावर तो माणूस आपलाच मेसेज वाचून स्मरण ताजं करू शकतो. तुमचे दोन-तीन पुरवठादार आहेत असं तुम्ही म्हणता. त्यातला एक जरी असं लिहून द्यायला तयार झाला तर तुमची केस उभी राहील. एकही तयार नसेल तर मी तुम्हाला दावा लावायला सांगणार नाही, आणि दुसऱ्या कुणी सांगितलं तरी लावू नका.

पुरवठादार घाबरतात. त्यांचा धंदा शेठबरोबर चालू असतो. त्यांच्यावर जबरदस्ती करून उपयोग नाही. मी एवढंच सांगतो की त्यांना खरं काय ते शांतपणे सांगा, रिलिव्हिंग लेटर दाखवा आणि विचारा. ज्याचा शेठशी व्यवहार संपलाय किंवा कमी झालाय त्याच्याकडे आधी जा.

चाकणच्या कंपनीकडे यापेक्षाही भक्कम पुरावा असू शकतो. व्हेरिफिकेशन बहुतेक वेळा बाहेरची एजन्सी करते आणि लेखी रिपोर्ट देते. त्यात जुन्या कंपनीतल्या कुणाशी बोलणं झालं, त्याचं पद काय, तो काय म्हणाला याचे रकाने असतात. त्यांच्या एचआरला नम्र भाषेत मेल करा: माझ्याबद्दल चुकीची माहिती आली असावी असं वाटतं, ती दुरुस्त करण्याची संधी मिळावी म्हणून रिपोर्टची प्रत द्या. नाही म्हणाले तरी तुमचा मेल आणि त्यांचं उत्तर जपून ठेवा. दावा दाखल झाल्यावर कोर्टाकडून त्यांना कागदपत्रांसह साक्षीला बोलावता येतं, तेव्हा ते नाही म्हणू शकत नाहीत. नवी नोकरी सरकारी किंवा निमसरकारी असती तर माहिती अधिकाराचा अर्जही करता आला असता.

व्हॉट्सॲपचं. डिलीट केलेला मेसेज तुमच्या फोनवर आला नसेल तर तो ज्याच्या फोनवर आला होता त्याच्याकडून हवा. फॉरवर्ड केलेला स्क्रीनशॉट हा भक्कम पुरावा नाही. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीसोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. त्याचे दोन भाग असतात, एक नोंद सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. हे प्रमाणपत्र अनिवार्य आहे, असं जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये जालन्याच्या निवडणुकीवरून निघालेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात ठामपणे सांगितलं. त्याच निकालात एक दिलासाही आहे: मूळ फोनच कोर्टात आणला आणि त्याच्या मालकाने साक्ष दिली की हा माझा फोन, हा मेसेज त्यावर आला, तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही. म्हणून तो फोन विकू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका, फॅक्टरी रीसेट करू नका. चॅट एक्सपोर्ट करून ठेवा, पण मूळ फोन तो मूळ फोनच. आणि रागाच्या भरात ग्रुप ॲडमिनला आरोपी करू नका. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय की सदस्याने टाकलेल्या मजकुराला केवळ ॲडमिन आहे म्हणून तो जबाबदार ठरत नाही.

कॉल रेकॉर्डिंग चालतं का? तुम्ही स्वतः बोलत होतात त्या कॉलचं रेकॉर्डिंग पुरावा म्हणून वापरता येतं. हा मुद्दा मुंबईच्याच प्रकरणात १९७२ साली ठरलेला आहे, मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य. तिथे एका डॉक्टरच्या संमतीने त्यांच्या फोनवरचं कॉरोनरशी (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याशी) झालेलं बोलणं टेप केलं होतं आणि सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरलं. पण एक सापळा आहे. बरेच जण मित्राला नव्या कंपनीचा एचआर बनवून जुन्या शेठना फोन करायला लावतात आणि ते रेकॉर्ड करतात. हे करू नका. समोरचा वकील उलटतपासात पहिल्या पाच मिनिटांत विचारेल, "हे बोलणं तुम्हीच करवून घेतलंत ना?" ज्याने स्वतःच्या माणसाकरवी बोलायला लावलं त्याची त्या बोलण्याने काय बदनामी झाली, हा प्रश्न न्यायाधीशांना पडतो, आणि खोटी ओळख सांगितल्याचा डाग तुमच्या बाजूला लागतो. शेठ काय बोलतात याचा अंदाज तुम्हाला मिळेल, पण केस त्यावर उभी राहणार नाही.

आता शेठ काय बचाव घेतील ते बघू. पहिला, "खरं तेच बोललो." दिवाणी दाव्यात सत्य हा पूर्ण बचाव आहे. फौजदारीत नुसतं सत्य पुरत नाही, ते बोलणं लोकहितासाठी होतं हेही दाखवावं लागतं. दुसरा बचाव जास्त कामाचा आणि जास्त वेळा यशस्वी होणारा: "नव्या कंपनीने विचारलं, मी सद्भावनेने सांगितलं." कलम ३५६ ला दहा अपवाद आहेत, आणि स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या हितरक्षणासाठी सद्भावनेने केलेलं विधान हा त्यातला नववा. दिवाणीतही, नव्या मालकाने विचारल्यावर दिलेल्या माहितीला असंच संरक्षण आहे. म्हणजे चाकणच्या एचआरने विचारल्यावर शेठनी मनापासून, चौकशी करून, चुकीचं का होईना पण प्रामाणिक मत दिलं असेल तर तुम्ही हरू शकता. हे संरक्षण आकसाने बोललेल्याला मिळत नाही, आणि तुमच्या केसमध्ये आकस दाखवायला जागा आहे. पुरवठादारांनी त्यांना काही विचारलं नव्हतं, त्यांना ते जाणून घेण्याचं कारणही नव्हतं. ग्रुपवर टाकायची तर मुळीच गरज नव्हती. आणि टाकून मग डिलीट का केलं?

तुमची कागदपत्रं इथे बोलतात. साडेसहा वर्षं पैसे हाताळणाऱ्या माणसाने घोळ केला असता तर कंपनीने राजीनामा स्वीकारून रिलिव्हिंग लेटर दिलं असतं का? नो ड्यूजवर सही केली असती का? ग्रॅच्युइटी पूर्ण दिली असती का? "पळाला" म्हणतात तर नोटीस पिरियडचा पगार, हजेरी, हँडओव्हरचा मेल, पीएफ पासबुकातली शेवटच्या महिन्याची नोंद हे सगळं त्याच्या विरुद्ध उभं आहे. एचआरवाले हल्ली "ॲबस्कॉन्डिंग" (न सांगता पळून गेलेला) हा शब्द सहज वापरतात, जणू साधा शेरा आहे. नोटीस पूर्ण करून गेलेल्या माणसावर तो शेरा मारणं हे खोटं आणि घातक विधान आहे. मी असे शेरे एका पत्राने बदलून घेतलेले आहेत. एक तारखांचा तक्ता करा: राजीनाम्याची तारीख, स्वीकृतीचा मेल, शेवटचा दिवस, फुल अँड फायनलची रक्कम खात्यात आल्याची तारीख. त्याच तक्त्यात शेठचं कोणतं बोलणं कधीचं तेही भरा. हे एक पान वकिलाला तुमच्या दहा पानी हकिकतीपेक्षा जास्त उपयोगी पडेल.

मात्र त्याआधी स्वतःशी प्रामाणिक राहून एक प्रश्न विचारा. त्या आरोपात थोडं तरी तथ्य आहे का? एखादं व्हाउचर राहून गेलेलं, ॲडव्हान्सचा हिशोब द्यायचा राहिलेला, पेटी कॅशमध्ये फरक? हे वकिलाला आधी सांगा, कितीही लाज वाटली तरी. कारण तुम्ही दावा लावला की शेठ उलट फौजदारी करायची धमकी देतात. नोकराने केलेल्या विश्वासघाताचा गुन्हा, न्याय संहितेचं कलम ३१६(४), दखलपात्र आहे आणि त्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. तक्रार खोटी असेल तर त्यावरही उपाय आहेत, पण अटकपूर्व जामिनासाठी धावपळ करण्यापेक्षा हिशोबाची फाइल आधीच तयार असलेली बरी.

बॉण्डचं आणि स्पर्धक कंपनीत न जाण्याच्या अटीचंही इथेच सांगतो, कारण बदनामीची ठिणगी पुष्कळदा तिथूनच पडते. नोकरी सोडल्यानंतरही स्पर्धकाकडे जाऊ नये ही अट करार कायद्याच्या कलम २७ ने साधारणपणे रद्दबातल आहे. नोकरीचा ठरलेला काळ चालू असताना मात्र अशी अट चालते. कल्याणच्या रेयॉन कारखान्यातला सुपरवायझर पाच वर्षांचा करार मध्येच सोडून कोट्याच्या कारखान्यात गेला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९६७ च्या गोलिकरी निकालात उरलेल्या काळापुरता त्याला अडवलं. आणि ठरावीक काळ काम करण्याचा वाजवी बॉण्ड वैध असू शकतो, हे मे २०२५ मध्ये विजया बँकेच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट झालं. म्हणजे बॉण्डचे पैसे देणं असू शकतं. पण बॉण्डचे पैसे थकवणं म्हणजे पैसे खाणं नव्हे. "बॉण्डची रक्कम बाकी आहे" हे खरं विधान, "पैसे घेऊन पळाला" ही बदनामी.

सगळं जुळवल्यावर पहिलं पाऊल म्हणजे नोटीस. खासगी मालकाला नोटीस द्यायची सक्ती नाही, पण मी देतो, कारण निम्म्याहून अधिक वेळा तिथेच काम होतं. नोटीस दीड-दोन पानांची असावी. कोणते शब्द, कोणत्या तारखेला, कुणाला. त्याला खोडून काढणारे कागद कोणते. आणि तुम्हाला काय हवं. एक कोटीची मागणी त्यात घालू नका. त्याने समोरच्याचा वकील फक्त सावध होतो आणि वाटाघाटीचं दार बंद होतं. मी बहुधा तीन गोष्टी मागतो: बोलणं बंद करा, ज्यांना सांगितलं त्यांना लेखी दुरुस्ती पाठवा, आणि कंपनीच्या लेटरहेडवर एक पत्र द्या. ते पत्र चार ओळींचं असतं: अमुक व्यक्ती अमुक काळात आमच्याकडे काम करत होती, नियमाप्रमाणे कार्यमुक्त झाली, तिच्याविरुद्ध कोणतीही आर्थिक बाब किंवा चौकशी प्रलंबित नाही. पुढच्या प्रत्येक व्हेरिफिकेशनला ते पत्र दाखवता येतं. माझ्या अनुभवात नोकरी करणाऱ्या माणसाला सहा-सात वर्षांनी मिळणाऱ्या निकालापेक्षा दोन महिन्यांत मिळालेलं हे पत्र मोलाचं ठरतं. नोटिशीला पंधरा दिवसांची मुदत द्या. उत्तर आलं नाही तर वाट बघत बसू नका, जून लक्षात ठेवा.

दावा लावायचाच झाला तर कुठे? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १९ तुम्हाला निवड देतं: प्रतिवादी राहतो वा धंदा करतो तिथे, किंवा जिथे अपाय झाला तिथे. शेठचा कारखाना भोसरीत, म्हणजे तिथलं कोर्ट. चाकणला ते शब्द पोहोचले असतील तर राजगुरुनगरचं कोर्टही चालेल. भरपाईवर कोर्ट फी मागितलेल्या रकमेच्या प्रमाणात लागते, त्यामुळे आकडा हवेत ठरवू नका. ऑफर लेटरमधला पगार आणि प्रत्यक्ष बेकारीचे महिने यावरून काढलेला आकडा कोर्टाला पटतो. दाव्यात मनाई हुकूमही मागा, म्हणजे पुन्हा तसं बोलू नये असा आदेश. अंतरिम मनाई लगेच मिळेलच असं मात्र धरू नका. समोरचा "मी हे खरं असल्याचं सिद्ध करीन" म्हणाला की कोर्ट आधीच तोंड बंद करायला कचरतं. २०२४ मध्ये ब्लूमबर्ग आणि झी यांच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने खालच्या कोर्टांना या बाबतीत सावध केलंय. ते प्रकरण वृत्तमाध्यमाचं होतं. तुमच्यासारख्या प्रकरणात, जिथे कंपनीच्याच सहीचे कागद आरोप खोडून काढतात, तिथे अर्जाला बरंच बळ असतं.

फौजदारी फिर्याद हा दुसरा रस्ता, आणि दोन्ही रस्ते एकाच वेळी धरता येतात. हिला तीन वर्षांची मुदत आहे. शिक्षा दोन वर्षांपर्यंत साधी कैद, दंड, दोन्ही किंवा समाजसेवा. दंड संहितेतली याचीच जुनी कलमं घटनाबाह्य ठरवावीत अशी मागणी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये सुब्रमण्यम स्वामींच्या प्रकरणात फेटाळली, तेव्हा हा गुन्हा कायम आहे. दंडाधिकारी तुमचा आणि साक्षीदारांचा जबाब घेतात, आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २२३ मुळे दखल घेण्याआधी आरोपीलाही म्हणणं मांडायची संधी मिळते. हे नवीन आहे, आणि त्यामुळे सुरुवातीलाच जास्त वेळ जातो. फिर्यादीत सगळे संचालक, शेठचा भाऊ, मुलगा असे सगळे घालण्याचा मोह होतो. तो टाळा. जो बोलला आणि ज्याने टाकलं त्याचंच नाव घाला. नुसतं संचालक आहे म्हणून फौजदारी जबाबदारी येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ च्या सुनील भारती मित्तल निकालात सांगितलंय, आणि उगाच घातलेलं एक नाव उच्च न्यायालयात गेलं की तुमची सगळी केस तिथे अडकते. आणखी एक: हा समन्स खटला आहे. तुम्ही तारखेला गैरहजर राहिलात तर आरोपी सुटू शकतो. नव्या नोकरीत दर महिन्याला रजा मिळणार आहे का, याचा विचार आधी करा.

जिची बदनामी झाली ती बाई असेल आणि अफवा चारित्र्याबद्दल असेल तर रस्ता वेगळा. न्याय संहितेचं कलम ७९ लागू शकतं आणि ते दखलपात्र आहे, पोलिसांना एफआयआर घ्यावीच लागते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाशी ते जोडलेलं असेल तर २०१३ च्या कायद्याखाली, नोकरी सोडली असली तरी, अंतर्गत समितीकडे तक्रार करता येते, फक्त शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत (पुरेसं कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते). जातीवरून चारचौघांत अपमान झाला असेल तर ॲट्रॉसिटी कायद्याचा विचार वेगळ्या वकिली सल्ल्याने करा.

आणि या सगळ्या काळात तुम्ही लिंक्डइनवर किंवा कुठल्याही ग्रुपवर शेठबद्दल एक ओळ लिहू नका. मला कळतं की गप्प बसणं किती जड जातं, विशेषतः घरचेही "काहीतरी असेल म्हणूनच" असं नजरेने विचारायला लागतात तेव्हा. पण तुम्ही लिहिलेली एक संतापाची ओळ पुढे शेठच्या वकिलाच्या हातात जाते आणि मग कोर्टात दोघांचीही बदनामी तोलली जाते.

या आठवड्यात तीन कामं करा. ज्या पुरवठादाराचा आवाज तुम्हाला सगळ्यात खात्रीचा वाटतो त्याला भेटा, फोनवर नको. चाकणच्या एचआरला रिपोर्टसाठी मेल करा. ज्याच्या फोनवर तो ग्रुपचा मेसेज आला होता त्याला फोन बदलू नको म्हणून सांगा. मग तारखांचा तो तक्ता घेऊन वकिलाकडे जा, आणि पहिल्याच भेटीत त्यांना जूनची नेमकी तारीख फाइलच्या वर लाल पेनाने लिहायला सांगा.